व्हायवाला आलेलं वऱ्हाड

आमच्याकडं पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा म्हणजे अर्धं लग्नच. पत्रिका तेवढी छापत नाहीत, बाकी सगळं करतात. आचारी ठरवायचा, गाड्या सांगायच्या, कोण रुसणार आणि कोणाला स्वतः फोन करायचा ते बघायचं. माझ्या व्हायवाच्या जेवणात जिलेबी ठेवायची का बुंदी, यावर घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या प्रबंधाच्या एकाही प्रकरणावर कधी झाली नाही. शेवटी दोन्ही ठेवलं, म्हणजे कोणी नाराज नको.

मी लातूरच्या एका कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवते. तासिकेवर म्हणजे तास घेतला तर मॅडम, नाही घेतला तर कोण तुम्ही. आमचे हे लातुरातच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींनी त्यांचा वर्ग दारापर्यंत भरलेला असतो. त्यांच्या मते इतिहास हा जेवण झाल्यावर लवंडून वाचायचा विषय. त्यामुळं घरात डॉक्टर व्हायला मीच निघाले तेव्हा त्यांना आधी हसू आलं, मग सवय झाली, आणि शेवटी शेवटी तर तेच विचारायला लागले की अगं, तुझं ते संपणार कधी.

विषय मी मोठा खोडसाळ निवडला होता. जे नांदेडचं विद्यापीठ पदवी देणार, त्याचाच इतिहास. त्याची ग्रंथालयं, वसतिगृहं, परीक्षा विभाग, त्याच्या आधीची नांदेड-लातूरची जुनी कॉलेजं, सगळं. सासरी राहून सासूचं चरित्र लिहायला घेण्यासारखंच हे काम. पुण्याकडचे लोक विचारतात, तुमचं विद्यापीठ ते काय, त्याला कसला आलाय इतिहास. त्यांना काय सांगायचं? निजामाच्या राज्यात आमच्या आजोबांच्या पिढीला कॉलेज शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागायचं, तेही उर्दूतून. नंतर इथं कॉलेजं निघाली, तर विद्यापीठ लांब, एकेका कागदासाठी एसटीनं औरंगाबादला हेलपाटे. तेव्हा ते संभाजीनगर झालं नव्हतं. मार्कमेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, नाव चुकलं की लोक नाव दुरुस्त करायला दिवस मोडण्यापेक्षा चुकलेलं नावच आयुष्यभर लावायचे. असल्या मुलखात विद्यापीठ येणं म्हणजे काय, हे ज्यानं हेलपाटे घातले त्यालाच कळतं. ज्यांच्या दारात आधीपासून होतं, त्यांनी वर्षं मोजत बसावं.

एवढं सगळं झालं, प्रबंध गेला, परीक्षकांचे अहवाल आले, आणि मग कळलं की माझे मार्गदर्शक सर महिनाअखेरीला निवृत्त होणार आहेत. सरच विभागप्रमुख. व्हायवात परीक्षकानं मोठ्या दुरुस्त्या काढल्या तर त्या होईपर्यंत सर गेलेले असणार. मग नवा मार्गदर्शक शोधा. नवा मार्गदर्शक म्हणजे नवी मतं, आणि नवी मतं म्हणजे पुन्हा पहिलं प्रकरण. तेवढं वय माझ्याकडं उरलं नव्हतं आणि धीर तर बिलकुलच नाही. याच वेळी पार पडलं तर पडलं, हे मला, सरांना, आमच्या यांना, अगदी आचाऱ्यालाही माहीत होतं.

सरांनी मला आदल्या आठवड्यात बोलावून बजावलं. परीक्षक बोलतील ते ऐकून घ्यायचं. 'बरोबर आहे सर' म्हणायचं. वाद घालायचा नाही, कारण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. मी तिथंच वाद घालायला लागले की माझा स्वभाव काही तसा नाही. सरांनी नुसतं डोक्याला हात लावला.

आता मामाजी. आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळ एका खेड्यात आमची शेती आहे, ती ते अजून स्वतः बघतात. पण त्यांचं खरं नाव आहे ते सोयरिकीच्या बैठकीत. पंचक्रोशीत कुठं लग्न ठरायचं असलं की मामाजींना गाडी जाते. बैठकीत सगळी विचारपूस झाली की मधला माणूस उठतो आणि म्हणतो, आणखी कुणाला काही विचारायचंय का. तिथं सगळे गप्प बसले तर मामाजींच्या लेखी तो पोरीच्या घराचा अपमान. कुणी विचारलंच न्हाई म्हंजी कुणी मनावर घेतलंच न्हाई, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कुणीच बोलेना झालं की मामाजी उठतात आणि काहीतरी विचारतात. विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती असतं, असलं सुद्धा. आणि विचारायचं ते समोरच्या पक्षाला, आपल्या पोरीला नाही, हाही त्यांचा नियम.

माझ्याही बैठकीत त्यांनी विचारलंच होतं. माझं माहेर भोकर तालुक्यातलं. मी तेव्हा नांदेडला मुलींच्या वसतिगृहात राहून एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. मामाजींनी माझ्या वडिलांना जमीन विचारली, पाव्हणे-रावळे विचारले, पोरीला झोप किती लागते तेही विचारलं. तारीख निघाली ती नेमकी माझ्या परीक्षेच्या आधीची. वडील जरा चाचरत म्हणाले की पोरीची परीक्षा आहे. मामाजी म्हणाले, "परीक्षा दरसाल येती, असा मुहूर्त येत न्हाई." बैठक हसली आणि पोहे आले. मी आत होते, पोहे मीच केले होते. पुढच्या आठवड्यात वडिलांबरोबर जाऊन वसतिगृहातली वळकटी आणि पेटी घेऊन आले.

पुढं एम.ए. मी बाहेरून केलं, पोरं झाल्यावर. तेव्हा मामाजींनी आडकाठी केली नाही, उलट मोटारसायकलवर परीक्षेला सोडायला यायचे आणि पेपर सुटेपर्यंत झाडाखाली बसायचे. माणूस वाईट नाहीच. पण त्या पेटीचा राग माझ्या पोटात होता तसाच होता. तो मी कधी बोलून दाखवला नाही एवढंच.

व्हायवाच्या दिवशी क्रूझर गाडी भरून लोक नांदेडला निघाले. अहमदपूरला चहा, लोह्याला पुन्हा चहा. नणंदेनं गजरे आणले होते. मामाजी धुवट धोतर नेसले होते, नवी टोपी घातली होती आणि परीक्षकासाठी टॉवेल-टोपीचा जोड पिशवीत घेतला होता. वाटेत त्यांनी मला विचारलं की तिथं काय काय असतं. मी माझ्या घाबऱ्या मनात स्लाइडा घोळवत होते. उगं सांगून टाकलं की मी बोलणार, ते विचारणार, शेवटी बसलेल्या लोकांना विचारतात की कुणाला काही विचारायचंय का, आणि मग जेवण. मामाजी 'असं' म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

परीक्षक पुण्याकडून आले होते. बारीक अंगाचे, शांत, आणि दुपारच्या गाडीचं तिकीट काढूनच आलेले. सरांचा चेहरा त्या तिकिटानं उजळला होता. हॉलमध्ये पुढच्या रांगेत विभागातले प्राध्यापक, मागं आमचं वऱ्हाड. नणंदेनं एका प्राध्यापिकाबाईंनाही गजरा दिला आणि बाईंनी तो माळलाही.

मी बोलले. जुनी कॉलेजं, मग विद्यापीठ, मग ग्रंथालय, मग परीक्षा विभाग. वसतिगृहांवर एक स्लाइड होती, ती भरकन पुढं सरकवली. परीक्षकांनी घड्याळाकडं बघत दोन प्रश्न विचारले, तेही असे की उत्तर त्यांच्या प्रश्नातच होतं. मी 'बरोबर आहे सर' म्हणाले. सरांनी माझ्याकडं बघून डोळे मिटले, शाब्बास म्हटल्यासारखे. मागून येसराच्या आमटीचा वास यायला लागला होता. सर उठले आणि रीतीप्रमाणं म्हणाले, "उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का?"

हे वाक्य विद्यापीठात म्हणायचं असतं म्हणून म्हणतात. त्यानंतर लोक खुर्च्या सरकवतात, कोणी विचारत नाही. विचारणाऱ्याला पुढं स्वतःच्या विद्यार्थ्याचा व्हायवा असतो ना.

मागं खुर्ची वाजली. मी न बघताच ओळखलं. आमचे हे धोतराचा सोगा धरून खाली ओढत होते म्हणे, पण मामाजी उभे राहिले ते राहिलेच. टोपी नीट केली. म्हणाले की मी हिचा सासरा, आम्ही लातूर जिल्ह्यातले, माझं विचारणं तिला नाही, या पाव्हण्यांना आहे. आणि परीक्षकांकडं वळून अगदी अदबीनं म्हणाले, "सायेब, तुमी हिचं पुस्तक पुरं वाचलंय का?"

पुढच्या रांगेतले प्राध्यापक खुर्च्यांसकट मागं वळले. आमच्या सगळ्या विद्यापीठांच्या इतिहासात हा प्रश्न उघड्यावर कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. निदान माझ्या प्रबंधात तरी तशी नोंद नाही. सर घाईघाईनं म्हणाले की परीक्षकांचा अहवाल आधीच आलेला आहे. मामाजी म्हणाले, अहवाल न्हवं, पुस्तक. म्हणजे घर आतून बघितलं का, का नुसतं अंगणात बसून चहा घेतला, एवढंच विचारतोय, राग मानू नका.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. महिनाअखेर, निवृत्ती, नवा मार्गदर्शक, पहिलं प्रकरण, सगळं डोळ्यापुढून गेलं. मनातल्या मनात मी मामाजींना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले की वाचलंय, पान न् पान वाचलंय. गाडी आहे म्हणून विचारत नव्हतो. मग त्यांनी पिशवीतून माझा प्रबंध काढला. त्याला बाजूनं इतक्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या की तो प्रबंध ओळखूच येईना. ते म्हणाले, बाबांनी विचारलंच आहे तर मग बसूया. मामाजी म्हणाले, आता कसं बोललात, आणि समाधानानं बसले. वऱ्हाडातल्या बाकीच्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण बैठक रंगात आली एवढं कळलं होतं.

आणि मग माझी परीक्षा सुरू झाली, खरी. या कॉलेजाला जमीन अमक्यानं दिली, हे तुम्ही कशावरून म्हणता? ग्रंथालयात उर्दू पुस्तकं होती तर ती वाचणारे कुठं गेले? परीक्षा विभागाचं एवढं कौतुक लिहिलंत, मग विद्यार्थी मोर्चे का काढत होते? मी घामाघूम. 'बरोबर आहे सर' इथं चालेना, कारण बरोबर काय ते मलाच सांगायचं होतं. पहिल्या दोनचार प्रश्नांना मी अडखळले, आणि मग काय झालं कोण जाणे, मला मजा यायला लागली. इतकी वर्षं मी जे गोळा केलं होतं ते कुणी विचारतच नव्हतं. लातुरात मला लोक एकच विचारतात, मॅडम, पेपरला काय येईल. आता एक माणूस मला भांडून विचारत होता आणि मी भांडून सांगत होते. सर टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावत होते. मी पाय मागं घेतला.

आचाऱ्यानं दोनदा निरोप पाठवला की पुऱ्या तळू का थांबू. गाडी निघून गेली असणार, पण परीक्षकांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं.

शेवटची चिठ्ठी वसतिगृहांच्या प्रकरणात होती. परीक्षकांनी माझं वाक्य मोठ्यानं वाचलं. 'काही विद्यार्थिनींनी शिक्षण अर्धवट सोडले.' म्हणाले, बाई, बाकी सगळीकडं तुम्ही नाव-गाव-पुरावा दिलाय. इथं एका वाक्यात पळ काढलात. या मुलींनी शिक्षण का सोडलं? का सोडायला लावलं? हे प्रकरण मला अपुरं वाटतं.

अपुरं. म्हणजे दुरुस्ती. सरांनी डोळे मिटले, यावेळी शाब्बासकीसाठी नव्हे. सरांनी सुचवलेलं उत्तर सोपं होतं. बरोबर आहे सर, पुढील संशोधनात विचार करेन सर. ते ओठावर आलंही होतं. पण तासभर खरं बोलल्यावर जीभ एकदम खोटं बोलेना.

मी म्हणाले, "सोडलं नाही सर, सोडवलं. परीक्षेच्या आधी मुहूर्त निघायचे. माझ्या मजल्यावरच्या कितीतरी मुलींचे निघाले. माझाही निघाला. मी वळकटी बांधली तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीनं माझ्या नोट्स मागून घेतल्या, आता तुला काय कामाच्या म्हणून. हे मी प्रबंधात लिहिलं नाही, कारण ते लिहायचं तर माझ्या घरचं लिहावं लागलं असतं. मला त्याचा राग आहे, अजून आहे."

मागं बघायची हिंमत झाली नाही. परीक्षकांनी प्रबंध मिटला. मग त्यांनी सरांना सांगितलं की आपण पदवीची शिफारस करतो आहोत, आजच, कुठल्याही अटीशिवाय. आणि मला म्हणाले की पुस्तक छापाल तेव्हा आत्ता जे बोललात ते त्या प्रकरणात घाला, ती माझी अट नाही, विनंती आहे. सरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मी रडले. खुशीचं रडणं होतं म्हणून सांगितलं लोकांना, थोडं होतंही.

जेवणं उशिरा झाली. पुऱ्या गार, आमटी पुन्हा गरम केलेली, पण लोक तुटून पडले. मामाजींनी परीक्षकांना टॉवेल-टोपी चढवली. परीक्षकांनी ती टोपी घालूनच जेवण केलं आणि जिलेबी-बुंदी दोन्ही घेतलं. दोघं शेजारी बसून पीकपाण्याचं बोलत होते. मामाजी माझ्याकडं मात्र बघत नव्हते.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळे माझी नक्कल करत होते. मी 'सोडवलं' कसं म्हणाले ते नणंदेनं दोनदा करून दाखवलं, तेव्हा आमच्या यांनी तिला खुणेनं गप्प केलं. मामाजी पुढच्या सीटवर होते. उतरताना मी म्हणाले, मामाजी, पाया पडते. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला, आणि म्हणाले की उशीर झाला, उद्या पिकाला पाणी धरायचंय. माफी वगैरे काही नाही. मला वाईट वाटलं. एवढ्या लोकांत बोलायला नको होतं का, असंही वाटलं. आणि लगेच वाटलं, का नको? मी म्हणाले ते खोटं होतं का?

मग वर्ष गेलं. मी अजूनही तासिकेवरच आहे, फक्त आता डॉक्टर तासिकेवर. यंदा आमच्या चुलत पुतणीची बैठक मुरुडला झाली. पोरगी लातूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मुलगा चांगला, घर चांगलं, दोन्हीकडून होकार होता. मी आत पोह्यांच्या बशा भरत होते आणि पुतणी भिंतीला टेकून बसली होती, मान खाली. बाहेर मुलाकडच्यांनी पंचांग काढलं. एक मुहूर्त फार उत्तम आहे म्हणाले, असा पुन्हा लवकर नाही. मी पुतणीकडं बघितलं. ती हळूच म्हणाली, "काकी, तेव्हा पेपर आहेत."

मी बशी ठेवली. काय करावं ते कळेना, कारण बैठकीत आतल्या बाईनं बोलायचं नसतं. तेवढ्यात मधला माणूस म्हणाला, कुणाला काही विचारायचंय का. आणि मामाजींचा आवाज आला.

"मुहूर्त दरसाल येत्यात. पोरीची परीक्षा कवा हाय?"

तारीख बाहेर कुणालाच माहीत नव्हती. पोरीच्या बापालाही नाही. मामाजींनी तिथूनच हाक मारली, सूनबाई, जरा भाईर या. मी पदराला हात पुसत दारात गेले. सगळी बैठक माझ्याकडं बघत होती. मामाजींनी सरकून सतरंजीवर स्वतःशेजारी जागा केली आणि मुलाच्या बापाला म्हणाले, ही आमची सून, नांदेडच्या विद्यापीठाची डॉक्टर हाय, ह्या गोष्टीत तिला इचारा. मी बसले. पोहे आतच राहिले, ते नंतर मुलाच्या काकानं स्वतः उठून आणले.